गोरज मुहूर्तावरचा चाचाचा

बँडवाल्याच्या घरी लग्न निघालं की पहिली अडचण ही, की वाजवणार कोण. इतरांच्या घरी ही अडचण येत नाही, म्हणून त्यांना ती गंमत वाटते. आमच्याकडे काका ढोलावर, मावसा युफोनियमवर, चुलतभाऊ झांजेवर, आणि सगळे एकाच वेळी मानपानालाही बसणार. माझ्या लग्नात तर क्लॅरोनेट वाजवणारा मीच होतो. मुंडावळ्या कानामागे खोचून मी घोड्यावर बसल्या बसल्या स्वतःची वरात वाजवली. फोटोत माझे गाल टम्म फुगलेले आहेत आणि नातवंडं विचारतात, आजोबांना लग्नाच्या दिवशी गालगुंड झालं होतं का.

पण ही गोष्ट माझ्या लग्नाची नाही. माझं लग्न होऊन दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची, साठ सालाच्या आसपासची, मामाच्या पोरीच्या लग्नाची आहे.

आमची वस्ती अमरावतीच्या कडेला, मळेवाल्यांची. पहाटे मोगरा तोडायचा, दुपारी हार गुंफायचे आणि लग्नसराईत संध्याकाळी निळे कोट चढवून वाजवायला निघायचं. हार आणि बँड एकाच घरून मिळतो म्हणून तिवसा, चांदूर रेल्वे, कुठून कुठून आम्हाला बोलावणं असे. आमच्या कोटांच्या खिशांत कायम सुई-दोरा सापडायचा. लग्नात आमचे हार मंडपात जायचे आणि आम्ही बाहेर राहायचो. बँडनं मंडपाच्या दारापर्यंत यायचं, दारात शेवटचं वाजवायचं आणि चपलांजवळ बसायचं, हा रिवाज. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. मी केली, पण मनात.

मामा बँडचा मास्तर. ट्रंपेट त्याचं. उंचीनं बेताचा, मिशी मोठी आणि राग नाकावर. कोणाचा सूर चुकला की ट्रंपेट डाव्या हातात घेऊन उजव्या हातानं टपली मारायचा, आणि हे चालत्या वरातीत, पाऊल न चुकवता करायचा. आम्ही बारा जण होतो आणि बाराही जण त्याला भ्यायचो. त्यात त्याच्याहून वयानं मोठे असलेले माझे काकाही आले.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. मामाच्या पोरीचं नाक चांगलं सरळ होतं, विघ्नं मात्र तितकीच आली. दोन ठिकाणं ठरत ठरत मोडली. मुलगी पसंत, कूळ पसंत, पण बाप बँडवाला. तिसरं स्थळ अकोल्याचं आलं. मुलगा शाळेत मास्तर, दिसायला शांत. त्याचा बाप एका कापूस दलालाकडे मोठा कारकून. आमच्याच जातीची माणसं, दोन पिढ्यांमागे तीही आमच्यासारखीच मळ्यात राबून वांगी-कांदे विकत होती. पण मळा विकून शहरात राहायला गेल्यापासून त्यांनी वऱ्हाडी बोलणं सोडलं होतं. व्याही बोलायला लागले की शाळेतल्या पुस्तकाचा धडा वाचल्यासारखं वाटायचं. मला तो माणूस पहिल्या दिवशीच आवडला नाही.

बैठकीत चहा झाल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. आपण फुलांचे बागाईतदार आहात, असाच परिचय आम्ही आमच्या मंडळींना करून देऊ. परंतु विवाहाच्या दिवशी आपण कोणत्याही वाद्याला हात लावायचा नाही. बँड अवश्य ठेवा. तो आपला आहे हे मात्र कळता कामा नये. तसं झालं तर आम्ही त्याच पावली परत जाऊ."

मामा टपली मारेल असं मला वाटलं. पण त्यानं नुसती मान डोलावली. आत मामी दाराआड उभी होती. ती नंतर म्हणाली, "दोन ठिकानं मोडले, हे बी मोडलं तं पोरगी घरीच राह्यते." ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. पोरीनं मात्र तोंड फुगवलं. "बाबा नाही वाजवत तं कोन वाजवन?" असं ती एकदाच म्हणाली आणि विहिरीवर निघून गेली.

त्या संध्याकाळी मामानं आम्हाला बोलावलं. "माह्यं लय मागनं नाही," तो म्हणाला. "पोरीचं लगन झालं पाह्यजे आन् पोरीच्या दारात माहा बँड वाजला पाह्यजे. मी हात नाही लावत. तुमी वाजवसान. पन असं वाजवजा का अकोलेवाल्याच्या सात पिढ्याईनं आयकलं नसन."

तसं संगीत मामाच्या घरात आधीच येऊन पडलेलं होतं. त्याच वर्षी अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीतला गोरा इंजिनिअर मायदेशी निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. त्यात पितळी ट्रंपेट आहे असं मामाला कोणीतरी सांगितलं. मामा पहाटेच्या गाडीनं गेला. ट्रंपेट म्हणून जे होतं ते दारात छत्र्या उभ्या करायचं पितळी भांडं निघालं. रिकाम्या हातानं परत येणं मामाच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तो विजेवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर घेऊन आला. त्यावर एक मोठी काळी तबकडी बसवलेलीच होती. तिच्या पाकिटावर झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेली दहा-बारा माणसं दात काढून हसत होती.

आमच्या ओळखीच्या एका वकीलसाहेबांनी चष्मा लावून ते पाकीट वाचलं. म्हणाले, हे क्युबा नावाच्या बेटाकडचं नाचाचं संगीत आहे आणि या बँडनं प्रत्येक गाण्यात वेगळ्या नाचाचा ठेका घेतला आहे. मांबो, रुंबा, चाचाचा, बोलेरो. "तिकडे ऊस फार होतो," एवढं त्यांनी पदरचं सांगितलं. मामाला तेवढं पुरलं. जिथे ऊस होतो तिथली माणसं आपल्यासारखीच असणार, असा त्याचा हिशोब.

वस्तीत वीज एकाच ठिकाणी होती, पिठाच्या चक्कीत. चक्कीवाला मामाचा सोयरा. त्याच्या मागच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांवर बसून आम्ही ती तबकडी पाठ केली. डफडं वाजवणारा म्हातारा मांबो ऐकून लगेच म्हणाला, "हे तं पोयाचं वाजवनं होय. बैलं नेते तवाचं."

"नवरदेवाले बी नेऊनच राह्यलो नं," मामा म्हणाला.

रुंब्यात काहीतरी सारखं खुळखुळत होतं. त्यासाठी मामानं जत्रेतले लहान पोरांचे खुळखुळे आणून माझ्या थोरल्या काकांच्या हातात दिले. काका साठीला आलेले, गावात मान असलेले गृहस्थ. ते दोन्ही हातांत लाल-हिरवे खुळखुळे घेऊन पूजेला बसल्यासारख्या चेहऱ्यानं हलवायचे, आणि त्यांच्याकडे पाहून हसायची कोणाची छाती नव्हती.

एक भानगड विजेची होती. पुढे चक्कीत कोणी दळण टाकलं की विजेचा जोर उतरायचा आणि मागे मांबो पाय ओढायला लागायचा. दळण संपलं की पुन्हा टुणकन उडायचा. आम्हाला वाटलं, हा त्या ठेक्याचाच भाग. आम्ही तो बसवला. पण कधी दळण जास्त, कधी कमी, त्यामुळे जड व्हायची जागा रोज बदलायची. शेवटी मामानं एक पायली ज्वारीचं दळण प्रमाण धरलं आणि तालमीच्या वेळी दुसरं काही दळायचं नाही अशी चक्कीवाल्याला ताकीद दिली. त्या महिन्यात वस्तीतल्या बायकांनी मामाला ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे लिहीत नाही.

दुसरी भानगड शेवटच्या गाण्यात होती. ते सुरू व्हायचं चाचाचाच्या ठेक्यावर आणि पुढे त्याचा संथ बोलेरो व्हायचा. पण चाचाचा रंगात येऊन ट्रंपेट वर चढायला लागलं की सुई तिथेच अडायची. तेच चार सूर, पुन्हा तेच, पुन्हा तेच. मग मामा वाकून उजव्या हाताच्या बोटानं सुईची दांडी हलकेच उचलायचा आणि पुढे टेकवायचा. एक श्वासभर शांतता, आणि मग बोलेरो.

मी एकदा भीत भीत विचारलं, "मामा, तबकडीले ओरखडा तं नाही?"

टपली बसली. "अबे, थे वाट पाहून राह्यली. बोट उचलल्याबिगर पुढं जात नाही, असंच हाय थे."

आम्ही गाणं तसंच बसवलं. चार सूर वाजवत राहायचं, डोळे मामाच्या बोटावर ठेवायचे. बोट वर गेलं की एक श्वास गप्प, मग बोलेरो. बोटाच्या आधी पुढे जाणाऱ्याची गय नव्हती. झांजवाला एकदा आपल्या अकलेनं पुढे गेला, तर मामानं त्याला बँडमधून काढून नुसते हार गुंफायला बसवलं आणि मामीनं मध्यस्थी केली तेव्हाच परत घेतलं. मामाचं बोट आमच्या बँडमधलं तेरावं वाद्य झालं होतं. लग्नाच्या दिवशी वाद्याला हात लावायची मामाला बंदी आहे हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं, पण ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, हे बारा डोक्यांपैकी एकालाही सुचलं नाही. सुचलं नाही त्यात माझंही डोकं होतं, आणि मी मॅट्रिक होतो.

पाकिटावरच्या माणसांसारख्या झालरी आपल्यालाही पाहिजेत असं मामानं ठरवलं. शिंप्याकडे तसली झालर नव्हती, म्हणून घरोघरच्या परकरांची उसवून आमच्या निळ्या कोटांच्या बाह्यांना लावली. माझी बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

लग्न वैशाखात, गोरज मुहूर्तावर होतं. वऱ्हाड अकोल्याहून गाडीनं आलं, बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीच्या स्टेशनावर उतरलं. सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या शाळेत त्यांना उतरायला जानोसा दिला होता. मामानं पांढरं धोतर, नवा कोट आणि केशरी फेटा घातला होता. तो पाहुण्यांना सामोरा गेला तेव्हा मी जवळच होतो. व्याह्यांनी ओळख करून दिली, "हे आमचे व्याही. फुलांचे मोठे बागाईतदार." एका पाहुण्यानं आमच्या झालरींकडे पाहून विचारलं, "बँड कुठला हो?"

मामा म्हणाला, "भाड्याचा हाय."

मला फार वाईट वाटलं. ज्या ढोलाचं कातडं त्यानं स्वतःच्या हातानं ताणलं, ज्या पोरांना त्यानं सूर धरायला शिकवलं, त्यांना भाड्याचं म्हणताना त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही. आम्हीही आमचे बूट पाहत राहिलो.

वरात निघाली. मारोतीच्या देवळापर्यंत मांबो, त्यात ठरल्या जागी एक पायली ज्वारी. अकोल्याचे लोक आधी एकमेकांकडे पाहायला लागले. वरात मध्येच जड होते, पुन्हा उड्या मारते, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मग नवरदेवाचा मामा, चांगला दोन माणसांएवढा गृहस्थ, हात वर करून नाचायला लागला आणि त्याच्या मागे सगळे. देवळापासून पुढे रुंबा झाला. काकांच्या खुळखुळ्यांमागे वस्तीतली सगळी लहान पोरं लागली, कारण त्यांना ते आपले वाटत होते.

मंडपासमोरच्या चौकात आम्ही चाचाचा धरला. बेत असा होता की बोलेरो सुरू होईल तेव्हा नवरदेवाचा घोडा हळूहळू दाराकडे निघेल. मामा दारात उभा, शेजारी मामी आरतीचं ताट घेऊन. ट्रंपेट मामाच्या धाकट्या भावाकडे दिलं होतं. ते वर चढलं. चार सूर झाले. पुन्हा झाले. आमच्या सगळ्यांच्या माना एकदम मामाकडे वळल्या.

मामाचे हात पाठीमागे होते. आपोआप वर जाऊ नयेत म्हणून त्यानं ते एकमेकांत घट्ट धरले होते. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यालाही तेव्हाच कळलं.

आम्ही वाजवत राहिलो. दुसरं काय करणार? नवरदेव दारात असताना बँड मध्येच बंद पडला तर तो अपशकुन, आणि ज्या बँडवर तो ठपका येतो त्याला कुत्रंही बोलावत नाही. पुढे जावं तर बोट नाही. मी एकदा धीर करून बोलेरोचा पहिला सूर काढला. युफोनियमवाल्या मावशाची लाथ पोटरीवर बसली आणि मी निमूटपणे चार सुरांत परत आलो.

पाहुण्यांना मात्र हे गाणं फारच आवडलं. गाण्याला शेवट नसला की नाचणाऱ्याला थांबायचं कारण उरत नाही. नवरदेवाच्या मामाचं उपरणं केव्हाच गळालं होतं, आता टोपीही गेली. नवरदेव घोड्यावर गप्प बसून होता आणि घोडा चक्क झोपला होता. एवढ्यात रानातून गुरं परतायला लागली. रोजची वाट त्याच चौकातून. चौक भरलेला पाहून पुढच्या म्हशी उभ्या राहिल्या, मागच्या गाई त्यांच्यावर येऊन आदळल्या, आणि गुराखी लांबून बोंबलायला लागला. माझे ओठ सुजले होते. एका सुराला तर माझ्या क्लॅरोनेटमधून म्हशीसारखाच आवाज आला, आणि एका म्हशीनं उत्तर दिलं.

आतून भटजी ओरडले, "मुहूर्त टळतोय! नवरदेवाला आणा!"

व्याही धावत बँडसमोर आले. त्यांनी हात वर केला. आम्ही पाहिला आणि वाजवत राहिलो. त्यांनी बोट वर केलं. तेही पाहिलं. पण ते बोट भलत्याच माणसाचं होतं. त्यांनी हातातली छत्री उघडून मिटून दाखवली. काकांनी त्यांच्याकडे रागानं पाहून खुळखुळे जोरात हलवले.

मग ते मामाकडे गेले. तिथे काय झालं ते मला मामीनं नंतर सांगितलं, कारण मी चार सुरांत होतो.

"थांबवा हो त्यांना!" व्याही म्हणाले.

"मी कसा थांबवू? भाड्याचा बँड हाय."

व्याह्यांनी आवाज खाली आणला. "आपलाच आहे ना तो?"

"हळू बोला," मामा म्हणाला, "पाहुने आयकतीन."

"काय केलं म्हणजे थांबतील?"

"बोट उचला लागते."

"मग उचला ना!"

"वाद्याले हात लावाचा नाही, असं ठरलं होतं."

"बोट म्हणजे वाद्य नव्हे!"

"आमच्यात होय," मामा म्हणाला.

पुढे लोक म्हणाले की मामानं मुद्दाम अडवून धरलं. तसं नव्हतं. मामी सांगते, तो घाबरला होता. बोट उचललं आणि कोणी ओळखलं तर वऱ्हाड परत जाईल, नाही उचललं तर मुहूर्त जाईल, आणि दोन्हीकडून पोरगी घरीच राहील. माणसाच्या एका बोटावर इतकं ओझं देवानं टाकू नये.

तेवढ्यात मंडपाच्या पडद्यामागून पोरीचा आवाज आला. पिवळी साडी नेसून, हातात हार घेऊन ती तिथे येऊन उभी होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"बाबा, बोट उचलू नका," ती म्हणाली. "पह्यले त्याईले मोठ्यानं म्हनू द्या का बँड कोनाचा हाय."

दोनदा लग्न मोडलेली पोरगी तिसऱ्यांदा स्वतःच्या तोंडानं मोडायला निघाली होती. मामानं वळून तिच्याकडे पाहिलं. मग फेटा नीट केला आणि व्याह्यांकडे तोंड करून ताठ उभा राहिला.

व्याही चौकाकडे पाहायला लागले. म्हशी, नाचणारा मेहुणा, झोपलेला घोडा, आणि मंडपातून भटजींच्या हाका. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. आणि मग त्यांची ती पुस्तकी भाषा एकदम सुटली. "उचला नं बाप्पा बोट! काहून जीव घेऊन राह्यले? तुमचाच बँड होय नं थो!"

"आयकू नाही आलं," मामा म्हणाला. "बँड चालू हाय."

व्याह्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सगळं बळ लावून ओरडले, "हा बँड माह्या व्याह्याचा हाय!"

त्यांनी 'हा' म्हणताच मामाचं बोट वर गेलं होतं. आम्ही एक श्वास गप्प झालो. त्यामुळे चौकात दुसरा कोणताही आवाज नव्हता, आणि ते वाक्य जानोशापासून चक्कीपर्यंत सगळ्यांनी स्वच्छ ऐकलं.

बोलेरो सुरू झाला. मामा दारातून निघून चौकात आला. भावाच्या हातातून त्यानं ट्रंपेट घेतलं, त्याचं तोंड आपल्या उपरण्यानं पुसलं आणि वाजवायला लागला. त्या तबकडीतलं ट्रंपेट मी शेकडो वेळा ऐकलं होतं. पण त्या दिवशी मामानं जे वाजवलं त्यात रडणं होतं, आणि तो ते लपवत नव्हता. नाचणारे उभे राहिले. घोडा जागा झाला आणि आपणहून चालायला लागला. दाराशी घोड्यावरून उतरलेला नवरदेव मामाच्या मागे निघाला, त्याच्या मागे आम्ही.

दारात आम्ही थांबलो. पाय सवयीनं चपलांकडे वळले. मामा थांबला नाही. तो वाजवत सरळ आत गेला. मी मावशाकडे पाहिलं, मावशानं काकांकडे. मग आम्ही एका पायावर उड्या मारत, सूर न सोडता बूट काढले आणि बाराच्या बारा, परकरांच्या झालरी लावलेले, आत शिरलो. आनंदात मी वर टांगलेले आमचेच हार पाहत राहिलो. त्यामुळे बोलेरोचा शेवट माझ्याकडून चुकला, आणि मामानं टपली मारली नाही.

व्याह्यांनी भटजींना विचारलं, "गेला काय हो मुहूर्त?"

भटजी आमच्याच गावचे, खमके. त्यांनी बाहेर चौकाकडे मान वळवली. अडलेली गुरं आता कुठे सुटली होती आणि सगळीकडे नुसती धूळ उडत होती. "गाई घरी जाताना धूळ उडते ती गोरज," ते म्हणाले. "गाई तर तुमच्या बँडनं धरून ठेवल्या होत्या. धूळ आत्ता उडतेय. मुहूर्त आत्ता लागला." यावर शास्त्रात काय आहे ते मला माहीत नाही. कोणी वाद घातला नाही.

आंतरपाट धरला. वऱ्हाडाकडून कोणी परत निघालं नाही. निघायचं म्हटलं असतं तरी नवरदेवाच्या मामाची टोपी सापडायची होती. अक्षता वाटत वाटत माणूस आमच्यापर्यंत आला. मामाला अक्षता घ्यायच्या होत्या, पण हातात ट्रंपेट. खाली ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे पाय. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि ते शेजारी उभ्या असलेल्या व्याह्यांच्या हातांत दिलं.

"नीट धरा," तो हळूच म्हणाला. "तोंड वर ठेवा. खाली केलं का पानी गळते."

तो माणूस मंगलाष्टकं संपेपर्यंत, स्वतःच्या सगळ्या पाहुण्यांसमोर, ते ट्रंपेट दोन्ही हातांनी छातीशी धरून, तोंड वर ठेवून उभा राहिला. त्यांच्या वाटच्या अक्षता मामानंच टाकल्या.